सामानाला वाली कोण?

गेल्या मार्चमध्ये आई-बाबा ताईकडं तीन महिने राहून मस्कतहून परत आले. मस्कत ते मुंबई एका विमान कंपनीचं तिकीट, मुंबई ते नागपूर दुसरीचं. दोन्ही तिकिटं मीच काढली होती, एकाच संध्याकाळी, एकाच संकेतस्थळावरून, एकदाच कार्ड वापरून. मध्ये सव्वातीन तास ठेवले होते. तेवढे पुरेसे आहेत असं मला मनापासून वाटलं होतं.

मस्कतचं विमान तासभर उशिरा, रात्री सव्वानऊला टर्मिनल दोनवर उतरलं. पासपोर्टची रांग, मग सामानाचा पट्टा, मग कस्टम. बाहेर पडेपर्यंत दहा वाजून गेले. नागपूरचं विमान साडेअकराचं, पण टर्मिनल एकवरून. सहारहून विलेपार्ल्याच्या बाजूला जायचं म्हणजे नकाशावर एकाच विमानतळाच्या या टोकाहून त्या टोकाला; रस्त्यानं चार-पाच किलोमीटर, आणि मध्ये पश्चिम द्रुतगती महामार्गाची वाहतूक. आईचे गुडघे गेलेत म्हणून व्हीलचेअर सांगून ठेवली होती. ती पहिल्या कंपनीच्या खात्यातली. दाराबाहेर टॅक्सीच्या रांगेपर्यंत आली आणि तिथं तिची हद्द संपली. तिथून पुढं आईनं एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पिशवी धरली, आणि बाबांनी दोन मोठ्या बॅगांची ट्रॉली ढकलली. देशांतर्गत उड्डाणांचे चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतात. ते दोघं काउंटरपाशी पोचले तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दहा मिनिटं उशीर.

त्या रात्री कुणीही नियम मोडला नाही, हे मला आधी सांगायचं आहे. पहिल्या कंपनीनं प्रवासी आणि सामान मुंबईला आणून दिलं. तिचा करार तेवढाच होता. दुसऱ्या कंपनीनं वेळेवर काउंटर बंद केलं. न केलं असतं तर आत बसलेल्या दीडशे लोकांना उशीर झाला असता. काउंटरवरची मुलगी तर आईशी फार अदबीनं बोलली. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि सत्तरीतली दोन माणसं रात्रभर टर्मिनलमधल्या खुर्च्यांवर बसून राहिली. सकाळच्या विमानाची नवी तिकिटं काढली. मस्कतहून येताना माणशी ३० किलो सामान चालत होतं, इथं १५. बाबांनी बॅग जमिनीवर उघडून काय काढता येतंय ते पाहिलं, काहीच काढण्यासारखं नव्हतं, म्हणून जादा वजनाचे पैसे भरले. मला हे सगळं दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर कळलं, कारण रात्री फोन करून मुलाला कशाला काळजीत टाकायचं, असं दोघांनी ठरवलं होतं.

सगळे बरोबर असूनही हे घडतं, तेव्हा दोष एखाद्या माणसात नसतो. तो जबाबदारी कुठं तोडायची या ठरावात असतो. तो ठराव बदलता येतो, असं माझं म्हणणं आहे.

बॅगेच्या कानाला बांधतात त्या पट्टीवर तीन मोठी अक्षरं असतात. मुंबईसाठी बीओएम, नागपूरसाठी एनएजी, नाशिकच्या ओझरसाठी आयएसके, गोव्यात दाबोळीला जीओआय आणि मोपाला जीओएक्स. खाली दहा आकडी क्रमांक असतो, आणि त्यातले तीन आकडे बॅग कोणत्या कंपनीनं ताब्यात घेतली ते सांगतात. ती अक्षरं म्हणजे एक वचन आहे: इथपर्यंत ही वस्तू आमची. आई-बाबांच्या बॅगांवर बीओएम होतं. एकाच तिकिटावर आले असते तर एनएजी असतं. दोन कंपन्यांमध्ये परस्परांचं सामान पुढं नेण्याचा करार असेल, तर पहिली कंपनी दुसरीच्या वतीनंही वचन देऊ शकते. एके काळी बऱ्याच मोठ्या कंपन्या पुढचं वेगळं तिकीट दाखवलं तरी काउंटरवर पट्टी शेवटपर्यंतची लावून देत. मग स्वस्त भाड्याच्या कंपन्या आल्या. त्यांचा सगळा हिशेब दोन गावांमधल्या एका उड्डाणाचा. दुसऱ्याचं सामान सांभाळणं त्यात बसत नव्हतं. २०१६ साली तर वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या आघाडीनंही आपल्या सदस्यांवरचं बंधन काढून टाकलं: प्रवाशाची तिकिटं वेगवेगळी असतील तर सामान शेवटपर्यंत लावून द्यायलाच हवं असं नाही, मग दोन्ही विमानं आघाडीतल्याच कंपन्यांची का असेनात.

म्हणजे तिकिटं तोडून विकणं वाढत गेलं आणि सामान जोडून नेणं कमी होत गेलं. संकेतस्थळांनी हे दोन तुकडे पुन्हा एकत्र मांडून विकायला सुरुवात केली. पडद्यावर एक ओळ, एक किंमत, एकूण तास, आणि खाली बारीक अक्षरांत ‘सेल्फ ट्रान्सफर’. या दोन शब्दांचा अर्थ काय? बॅग तुम्ही काढायची, वाहायची, पुन्हा द्यायची. उशीर झाला तर तिकीट बुडालं. हे मराठीत, हिंदीत किंवा साध्या इंग्रजीत कुठं लिहिलेलं मला दिसलं नाही. पैसे भरताना जे सांगितलं जात नाही, ते पट्ट्याजवळ उभं राहिल्यावर कळतं.

परदेशातून भारतात आल्यावर पहिल्या विमानतळावर सामान घेऊन कस्टममधून जावंच लागतं, एकच तिकीट असलं तरी साधारणपणे हीच पद्धत. मग फरक काय पडतो? पडतो, आणि बराच पडतो. एकाच तिकिटाचा प्रवासी कस्टममधून बाहेर आला की जवळच सामान पुन्हा स्वीकारणारं काउंटर असतं. बॅगेवर पट्टी आधीच लागलेली, वजन आधीच मान्य झालेलं. बॅग तिथं टाकायची आणि रिकाम्या हातानं पुढं जायचं. वेगळ्या तिकिटाच्या प्रवाशाची तीच बॅग, तोच कस्टमचा दरवाजा, तीच वेळ. पण त्या काउंटरवर त्याच्यासाठी कुणी नाही. त्याला शहरात बाहेर पडावं लागतं आणि एखाद्या परक्यासारखं पुन्हा आत यावं लागतं.

बॅग हरवली तर फरक आणखी मोठा. आंतरराष्ट्रीय हवाई प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू आहे आणि भारत २००९ पासून त्यात आहे. त्याखाली सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा २०२४ च्या डिसेंबर अखेरीपासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे आपल्या पैशांत पावणेदोन-दोन लाखांच्या घरात. एकाच तिकिटावर मस्कत ते नागपूर असा प्रवास असेल तर मुंबई-नागपूर हा तुकडाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग ठरतो, आणि बॅग गेली तर पहिल्या व शेवटच्या अशा दोन्ही कंपन्यांकडं दाद मागता येते. तिकिटं वेगळी असतील तर तो तुकडा निव्वळ देशांतर्गत. तिथली कमाल मर्यादा २०,००० रुपये. बॅग तीच, आतल्या वस्तूही त्याच. मुंबईत जमिनीला टेकल्यावर तिची किंमत एवढी खाली येते, आणि हे तिकीट काढणाऱ्याला कुणी सांगत नाही.

याच कराराच्या पहिल्याच कलमात एक वाक्य आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. एकामागून एक अनेक कंपन्यांनी केलेली वाहतूक संबंधित पक्षांनी एकच प्रवास मानली असेल तर ती अखंड वाहतूक समजावी, मग त्यासाठी करार एक असो की करारांची मालिका. म्हणजे तिकिटांची संख्या हा निकष असू नये, हा विचार कायद्याला नवा नाही. अडतं ते ‘संबंधित पक्षांनी मानली असेल’ या शब्दांपाशी. कंपनी म्हणते, आम्हाला दुसरं तिकीट ठाऊकच नव्हतं. प्रवाशाला ते ठाऊक होतं. दोन्ही तिकिटं जोडून विकणाऱ्या संकेतस्थळालाही ठाऊक होतं. ज्यानं जोडी लावली, तो जोडीची जबाबदारी मात्र घेत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला या विषयात सगळ्यात अन्यायाची वाटते. मुंबईकडं येणाऱ्या प्रवाशाला निदान भारतात शिरण्याचा हक्क असतो. पण पुण्याचा एखादा विद्यार्थी ब्रिटनचा व्हिसा घेऊन एडिनबराला निघाला, आणि मुंबई ते ॲमस्टरडॅम एका कंपनीचं व ॲमस्टरडॅम ते एडिनबरा दुसरीचं, असं स्वस्त पडलं म्हणून त्यानं घेतलं, असं धरा. सामान थेट एडिनबरापर्यंत लागलेलं असेल तर तो ॲमस्टरडॅमला आतल्या आत एका दारातून दुसऱ्या दाराकडं चालत जाऊ शकतो. पट्टी ॲमस्टरडॅमपर्यंतचीच असेल तर बॅग घ्यायला त्याला त्या देशाच्या हद्दीत शिरावं लागतं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा हवा. तो नसेल तर मुंबईच्याच काउंटरवर त्याला थांबवतील, आणि थांबवणाऱ्यांचं चूक नाही. कागदपत्रं नसलेला प्रवासी आणला तर कंपनीला दंड बसतो. त्याच विमानात, त्याच दोन तिकिटांवर बसलेला अमेरिकन पासपोर्टचा माणूस बाहेर येतो, बॅग उचलतो, कॉफी घेतो आणि परत आत जातो. बॅगेला व्हिसा लागत नाही. ती आणायला जाणाऱ्याला लागतो. कागदाच्या एका पट्टीवरची तीन अक्षरं कुणाचा प्रवास होणार आणि कुणाचा नाही ते ठरवतात, आणि भारतीय पासपोर्ट असलेल्याला त्याची झळ जास्त बसते.

यावर नेहमी ऐकू येणारं उत्तर असं: स्वस्त तिकीट घेतलंत, मग त्याबरोबर येणारं निस्तरा. पैसे वाचवायचे आणि सोयही हवी, हे कसं चालेल?

हे उत्तर मी पूर्णपणे टाकून देत नाही. सेवेला खर्च येतो आणि तो कुणीतरी द्यायला हवा. पण पैसे देण्याची सोय आहे कुठं? माझ्यासमोर ‘सामान पुढं पोचवण्याचे अमुक रुपये’ असा पर्याय असता, तर आई-बाबांसाठी मी तो डोळे मिटून घेतला असता. तो विकायलाच ठेवलेला नाही. शिवाय दोन तिकिटं घेणारा प्रत्येक जण काटकसर म्हणून घेतो असंही नाही. कोल्हापूरहून, नांदेडहून, संभाजीनगरहून परदेशी निघालेल्या माणसाला परदेशी कंपनीच्या एकाच तिकिटावर घरापर्यंत येण्याचा मार्ग कितीदा मिळतो? मुंबई-पुण्याच्या माणसाचा प्रवास जिथं संपतो तिथून याचा दुसरा प्रवास सुरू होतो. रत्नागिरी-रायगडातून कुवेत-कतारला गेलेल्यांची सुट्टी मालकाच्या मर्जीवर मिळते, परतीचं तिकीट तो मालक काढतो मुंबईपर्यंतचं, पुढचं ज्याचं त्यानं पाहायचं. यात त्या माणसाची निवड कुठं आहे?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो मी फार गांभीर्यानं घेतो. २२ जून १९८५ रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या विमानतळावर एक माणूस टोरांटोच्या विमानासाठी आला. पुढं एअर इंडियाच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती. तरी आपली बॅग थेट पुढच्या विमानापर्यंत लावून द्या, असा त्यानं हट्ट धरला. काउंटरवरच्या कर्मचारी बाईंनी आधी नकार दिला. मागं रांग वाढत होती, तो वाद घालत राहिला, आणि शेवटी पट्टी लागली. बॅग गेली; माणूस विमानात चढलाच नाही. टोरांटोला क्ष-किरण यंत्र बंद पडलं होतं. दुसऱ्या दिवशी, २३ जूनला, लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला येणारं ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ अटलांटिक समुद्रावर फुटलं आणि त्यातले ३२९ जण गेले. त्याच कटातली दुसरी बॅग जपानच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानाकडं नेली जात असताना फुटली आणि दोन हमाल मरण पावले.

सामान परस्पर पुढं पाठवण्याविषयी बोलताना कनिष्क विसरणं हा त्या माणसांचा अपमान होईल. म्हणूनच त्यातून नेमकं काय शिकायचं ते नीट पाहायला हवं. धोका पट्टीत नव्हता. मालक विमानात नाही आणि बॅग मात्र आहे, हा धोका होता. आणि तपासणी झाली नाही, हा धोका होता. म्हणून पुढं जगभर नियम कडक झाला: माणूस चढला नाही तर त्याची बॅग उतरवायची. आज गेटवर एखादा प्रवासी आला नाही म्हणून विमान थांबतं आणि पोटातून बॅग शोधून काढतात, ते यामुळंच. हा नियम तिकिटं किती आहेत हे विचारत नाही, आणि विचारूही नये. एकाच तिकिटावरची बॅगही मालकाशिवाय गेली तर तेवढीच धोक्याची. मुंबईत तर प्रवासी स्वतःच्या हातानं बॅग कस्टममधून आणतो आणि ती पुन्हा तपासणीला जाते. कस्टमच्या दारापाशी ती स्वीकारली काय आणि टर्मिनल एकच्या काउंटरवर स्वीकारली काय, तपासणी तीच होणार. सुरक्षेचं कारण दाखवून हे काउंटर नाकारता येत नाही.

मग करायचं काय? हे जिथं केलंय ते पाहू. लंडनच्या गॅटविक विमानतळानं २०१५ साली वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं घेतलेल्यांसाठी सेवा सुरू केली. सामानाच्या पट्ट्याजवळच एक टेबल; बॅग उचलायची, तिथं द्यायची, पुढच्या विमानात ती विमानतळ पोचवणार. मिलानच्या मालपेन्सा विमानतळानंही अशी सोय उभी केली. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हे काम विमान कंपन्यांवर सोपवलेलं नाही, विमानतळानं अंगावर घेतलेलं आहे. मला तेच योग्य वाटतं. दोन कंपन्या एकमेकींना ओळखत नसतील, पण दोघींची विमानं एकाच विमानतळावर उभी असतात. दोन्ही प्रवासांत समान असलेला एकच पक्ष असतो, तो विमानतळ. आणि त्याला प्रवाशानं शुल्कही दिलेलं असतं.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. भारतीय रेल्वेनं १ एप्रिल २०१९ पासून दोन वेगळी तिकिटं जोडण्याची सोय केली आहे. दोन पीएनआर एकमेकांना बांधून ठेवायचे. पहिली गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली तर न केलेल्या प्रवासाचं भाडं कपात न करता परत. अटी आहेत, अर्ज वेळेत करावा लागतो, पण तत्त्व मान्य झालं: प्रवाशाचा प्रवास एक आहे, तिकिटं दोन असली तरी. ज्या देशात अमरावतीच्या माणसाची चुकलेली गाडी सरकारनं समजून घेतली, त्याच देशात चुकलेल्या विमानाकडं पाहायची पद्धत इतकी वेगळी का असावी? रेल्वेच्या दोन्ही गाड्या एकाच मालकाच्या, विमानांचे मालक दोन, हे खरं. म्हणून तर नियामक असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं विमान रद्द झालं, जागा नाकारली, तर काय द्यायचं याचे नियम केले आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागानं (बीसीएएस) कंपन्यांना बजावलं की शेवटची बॅग तीस मिनिटांच्या आत पट्ट्यावर आलीच पाहिजे. मनात आणलं तर सामानाविषयी हुकूम निघतो.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जो कुणी दोन तिकिटं जोडून विकतो, त्यानं पैसे घेण्याआधी ठळक अक्षरांत आणि गिऱ्हाइकाच्या भाषेत सांगावं की बॅग तुम्हाला कुठं काढावी लागेल, टर्मिनल बदलतं का, मधल्या देशाचा व्हिसा लागेल का आणि पुढं वजन किती चालेल. त्यानं लावलेली जोडी चुकली तर पुढचं तिकीट त्यानं द्यावं. मोठ्या विमानतळांनी कस्टमच्या बाहेर, सगळ्या कंपन्यांसाठी मिळून एक काउंटर ठेवावं, शुल्क घेऊन. व्हीलचेअर सांगितलेल्या माणसाला पुढच्या टर्मिनलच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारीही त्याच काउंटरची असावी. आणि चोवीस तासांच्या आतला पुढचा प्रवास असेल तर आधीच्या विमानात चाललेलं वजन पुढंही चालावं, निदान त्याचा दर आधी ठरलेला असावा, मध्यरात्री काउंटरवर नव्हे.

हे आत्ताच करायला हवं, कारण मुंबईचा प्रश्न आता दुप्पट झाला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. आजवर चुकायचं ते सहार (टर्मिनल दोन) आणि सांताक्रूझच्या (टर्मिनल एक) मधे. तिथं आता निदान भुयारी मेट्रोची दोन्ही टर्मिनलवर स्थानकं आहेत, जरी ३० किलोची बॅग आणि दुखरे गुडघे घेऊन मेट्रो गाठणं सोपं नाही. यापुढं एखाद्याचं विमान सहारला उतरेल आणि पुढचं खाडीपलीकडं उलव्याहून सुटेल. संकेतस्थळावर दोन्हींच्या पुढं ‘मुंबई’ लिहिलेलं असेल. नव्या इमारतीत अजून जागा आहे, वाटा आखल्या जात आहेत, करार ताजे आहेत. दोन्ही विमानतळ एकाच कंपनीकडं आहेत, त्यामुळं इथून बॅग स्वीकारून तिथं पोचवायला दुसऱ्या विमानतळ कंपनीची मनधरणी करावी लागणार नाही. हे काउंटर उभारायला याहून सोयीची वेळ पुन्हा मिळणार नाही.

आई-बाबा येत्या हिवाळ्यात पुन्हा ताईकडं जाणार आहेत. या वेळी मी एकच तिकीट काढलंय, मस्कत ते नागपूर, दिल्लीमार्गे. दोघांचे मिळून अकरा हजार जास्त पडले आणि प्रवास पाच तासांनी वाढला. बाबा म्हणाले, एवढे पैसे कशाला घातलेस, आम्ही बसलो असतो रात्रभर, त्यात काय. आई काही बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, बॅगेवर नागपूर लिहिलेलं असेल ना.